पाटलांचं ऑपरेशन

अभिमन पाटील साबण उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

साबण त्यांच्या बोटांपासून चार अंगुळांवर होता. त्यांना खाली जाता येईना की वर येता येईना. एक हात नळावर, एक हात हवेत, आणि कमरेत कुणीतरी पाचर ठोकल्यासारखी कळ. बाहेरून पुष्पाबाई हाका मारत होत्या आणि पाटील दर हाकेला "आलो" म्हणत होते. असे चार "आलो" झाले. पाचव्या हाकेला मात्र त्यांनी जे उत्तर दिलं, ते पुष्पाबाईंनी वीस वर्षांच्या संसारात कधी ऐकलं नव्हतं.

"जरा भटूला बोलाव. आणि त्याला म्हणावं, एकटाच ये."

एकटाच ये म्हणण्याला कारण होतं. अभिमन पाटील म्हणजे धुळ्यातले नावाजलेले वेटलिफ्टर. एकोणीसशे बहात्तर साली त्यांनी सव्वाशे किलो वजन डोक्यावर तोललं होतं आणि जिल्ह्यात पहिले आले होते. आता त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती, ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात वरिष्ठ लिपिक होते, पण संध्याकाळी आपल्या व्यायामशाळेत गेले की पोरं अजून त्यांच्या पाया पडत. गल्लीत कुणी लोखंडी कपाट आणलं की हमालाऐवजी पाटलांना सांगावा जाई, आणि पाटीलही "ही काय, काडी आहे" असं म्हणून कपाटाला मिठी मारत.

कंबर तीन वर्षांपासून दुखत होती. त्यांनी ती गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती. हिवाळ्यात दुखली की ते म्हणत गारठा आहे, उन्हाळ्यात दुखली की म्हणत उष्णता आहे. एसटीतून उतरताना कळ आली की ते रस्त्यांना दोष देत, मात्र बांधकाम खात्यात असल्यामुळे तो जरा हळू आवाजात देत.

भटू चौधरी शेजारी राहायचा आणि त्याच खात्यात टायपिस्ट होता. त्यानं पाटलांना टॉवेल गुंडाळला, शर्ट चढवला आणि काटकोनातच रिक्षात घातलं. रिक्षावाला म्हणाला, "आबा, काही हरवलं का?"

"तू चालव," पाटील जमिनीकडं बघत म्हणाले.

डॉक्टर देवरे हाडांचे सर्जन होते आणि कमी बोलणारे होते. त्यांनी दोन इंजेक्शनं देऊन पाटलांना सरळ केलं. दोन दिवसांनी परत बोलावून फोटो काढले, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, लघवीबद्दल विचारलं. मग फोटो उजेडाला धरला.

"मणक्यातली चकती सरकली आहे. पण पायातली ताकद शाबूत आहे, लघवीची तक्रार नाही. म्हणजे घाई नाही. दोन मार्ग आहेत. एक ऑपरेशन. दुसरा, नीट शिकून केलेला व्यायाम. मी तर म्हणेन, आधी..."

"व्यायाम?" पाटील म्हणाले. "डॉक्टरसाहेब, मला व्यायाम? व्यायामशाळा चालवतो मी."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं. जळगावच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंच्या नावानं त्यांनी चिठ्ठी मात्र लिहून दिली. "एकदा दाखवून या. मग ठरवा."

ठरवायचं काम पाटलांना एकट्याला करावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी बांधकाम खात्यात पाण्याच्या माठापाशी दोन पक्ष पडले. आवक-जावकच्या सुनंदाबाई ऑपरेशनच्या बाजूच्या होत्या आणि भटू व्यायामाच्या.

"माझ्या ओळखीचे एक आहेत, पाचोऱ्याचे," सुनंदाबाई म्हणाल्या. "कंबरेचं ऑपरेशन केलं. आता स्वतः बैलगाडी हाकतात."

"माझ्या ओळखीचे पण एक आहेत," भटू म्हणाला. "ऑपरेशन केलं आणि आता कुशीवर वळायला दोन माणसं लागतात."

हा वाद तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी नावं निघाली तेव्हा कळलं, की भटूचेही पाचोऱ्याचेच आहेत आणि दोघं एकाच माणसाबद्दल बोलताहेत. सुनंदाबाईंना तो गृहस्थ बाजारात भेटायचा आणि भटूला त्याच्या घरी. त्यामुळं वाद मिटला नाही, उलट त्या माणसाला बोलावूनच घ्यावं असं दोन्ही पक्षांना वाटू लागलं.

घरी पुष्पाबाईंचं मत पक्कं होतं. "ऑपरेशन करा. ऑपरेशन म्हटलं की काहीतरी झाल्यासारखं वाटतं. चार माणसं बघायला येतात. व्यायामाला कोण येतं बघायला?"

तरी चिठ्ठी होती, म्हणून पाटील भटूला घेऊन जळगावला गेले. पारोळा, एरंडोल करत एसटी अडीच तास गेली आणि पाटील त्यातले दोन तास उभे होते. बसायला जागा होती.

फिजिओथेरपिस्ट बाईंचं नाव कुंदा महाजन. मूळची यावलची, मुंबईला शिकून आलेली, वय सव्वीस-सत्तावीस. पाटलांना माणसाचं वजन नजरेनं कळायचं. हिचं बेचाळीस किलो. कपड्यांसकट. खोलीत यंत्रं वगैरे काही नव्हती. एक सतरंजी, भिंतीला उभा आरसा आणि कोपऱ्यात झाडूचा एक दांडा.

"काका, किती दिवसांपासून दुखतंय?"

'काका' हा शब्द पाटलांना कमरेपेक्षा जास्त लागला. "तीन वर्षं. पण मधूनमधून."

"मधूनमधून म्हणजे?"

"सकाळी, दुपारी आणि झोपताना."

"दुखत असताना काय करता?"

"पट्टा आवळतो आणि उचलतो."

"आणि नाही दुखलं तर?"

"मग जास्त उचलतो."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग त्यांनी पाटलांना सतरंजीवर उताणं झोपवलं, गुडघे उभे करायला लावले आणि म्हणाल्या, "श्वास घ्या." पाटलांनी छाती फुगवली. सव्वाशे किलोच्या वेळी फुगवली होती तशी फुगवली. शर्टाचं एक बटण ताणलं गेलं.

"छाती नाही. पोटात घ्या, कमरेच्या बाजूंना घ्या."

पाटलांनी आणखी छाती फुगवली.

"काका," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला श्वास घेता येत नाही."

"मग चव्वेचाळीस वर्षं मी काय करतोय?"

बाकावर बसलेला भटू छताकडं बघायला लागला. पुढचे प्रकार याहून वाईट होते. हातागुडघ्यांवर रांगायच्या पवित्र्यात राहून एक हात पुढं आणि उलट बाजूचा पाय मागं उचलायचा. पाटील दोनदा कुशीवर कलंडले. मग बाईंनी झाडूचा दांडा त्यांच्या पाठीला उभा टेकवला. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी दांडा टेकलेला ठेवून खुब्यातून पुढं झुकायचं. कंबर वाकवायची नाही. पाटील झुकले. दांडा खाड्‌कन फरशीवर पडला. पाचव्या वेळी तो पडला तेव्हा बाईंनी तो स्वतः उचलला. त्या खुब्यातून झुकल्या होत्या हे पाटलांच्या लक्षात आलं, आणि तेही त्यांना आवडलं नाही.

"बारा आठवडे," बाई म्हणाल्या. "रोज तीन वेळा चालायचं. सकाळ-संध्याकाळ हे प्रकार. दर शनिवारी इथं यायचं. वजन अजिबात नाही. सहा आठवड्यांनी अर्धी बादली पाणी उचलू. थोडंफार दुखेल, त्याला घाबरायचं नाही. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर मात्र तडक डॉक्टर देवरे."

"आणि माझ्या व्यायामशाळेत कळलं तर?"

"काय कळलं तर?"

"की मी झाडू उचलतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, एक विचारू? समोर कुणी बघायला नसलं तर तुम्ही किती वजन उचलता?"

पाटलांनी आठवून पाहिलं. असा प्रसंग त्यांच्यावर आलेला नव्हता.

परतीच्या एसटीत पाटील पारोळा गेल्यावर म्हणाले, "भटू, ऑपरेशन."

"का हो आबा? बाई हुशार वाटली."

"हुशार आहे. पण ऑपरेशनला दम लागतो. झाडू काय, कुणीही उचलतं."

"तुमच्याकडून पाच वेळा पडला," भटू म्हणाला.

ऑपरेशनची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. खात्यानं सहा आठवड्यांची वैद्यकीय रजा मंजूर केली आणि बुधवारी दुपारी छोटासा निरोपसमारंभ ठेवला. कार्यकारी अभियंता रतिलाल वाणी साहेब बोलायला उभे राहिले. "पाटील म्हणजे आपल्या खात्याचा कणा," ते म्हणाले, मग थांबले, मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला कळलं, मला काय म्हणायचंय." सुनंदाबाईंनी डोळे पुसले. भटूनं हार घातला. पुष्पाबाईंनी माहेरी पत्र टाकलंच होतं.

गुरुवारी सकाळी आठला पाटील हिरवा झगा घालून, उपाशीपोटी, दवाखान्याच्या लोखंडी पलंगावर बसले होते. झग्याला मागं फक्त दोन नाड्या होत्या. ज्या माणसानं जिल्ह्यासमोर लंगोट लावून वजन उचललं, त्याला त्या दोन नाड्यांची लाज वाटत होती. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. पुष्पाबाई बाहेर पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. साडेअकराला निरोप आला. भूल देणारे डॉक्टर सकाळी पारोळ्याला गेले होते, ते येताना अडकले. वाटेत केळीचा ट्रक उलटला होता आणि दोन्ही बाजूंना मैलभर गाड्या उभ्या होत्या.

बारा वाजले, एक वाजला. पाटलांना भूक लागली होती. पण त्याहून एक वेगळीच गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला लागली होती. दाराशी पाऊल वाजलं की ते पलंगाची दांडी घट्ट धरत होते, आणि पाऊल पुढं निघून गेलं की बरं वाटत होतं. इतकं बरं, की आपोआप श्वास पोटात जात होता. सव्वाशे किलोच्या पुढं उभं राहताना त्यांना भीती वाटली नव्हती. आता वाटत होती, आणि ती ऑपरेशनचीही नव्हती. आपण हे सगळं एका झाडूच्या दांड्याला भिऊन करतोय, असं त्यांना पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं.

दोन वाजता डॉक्टर देवरे आत आले. "पाटील, आज काही जमत नाही. पुढच्या गुरुवारी घेऊ."

"डॉक्टरसाहेब, एक खरं सांगा. पाठ तुमची असती तर?"

"तर आधी तीन महिने व्यायाम केला असता."

"मग मला सांगितलं का नाही?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सांगायला सुरुवात केली होती. तुम्ही म्हणालात, व्यायामशाळा चालवतो."

पाटलांनी झगा मागून आवळून घेतला. मग म्हणाले, "तो व्यायाम करून पाहिला आणि नाहीच फरक पडला तर?"

"तर मी आहे. ऑपरेशन कुठं पळून जात नाही."

दवाखान्याबाहेर पाटलांनी दोन केळी खाल्ली, हे ऐकून कुणाला विनोद वाटेल, पण बाहेरच्या गाडीवर दुसरं काही नव्हतं. रिक्षा गल्लीत वळली आणि पुष्पाबाईंनी पाटलांचा दंड घट्ट धरला. घरापुढं जीप उभी होती.

एरंडोलजवळच्या माहेराहून अकरा माणसं आली होती. सर्वांच्या पुढं धुरपदाबाई, पुष्पाबाईंची आई, वय सत्तर, आवाज तिशीतला. भूल देणाऱ्या डॉक्टरांची गाडी जिथं अडकली होती तिथूनच धुरपदाबाईंनी आपली जीप शेताच्या बांधावरून काढली होती. येताना त्या उलटलेल्या ट्रकमधल्या केळ्यांच्या दोन फण्याही त्यांनी घेतल्या होत्या, जावयासाठी. ट्रकवाल्यानंच वाटायला काढल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं.

पाटील रिक्षातून उतरले. सकाळपासून पोटात दोन केळी, चेहरा उतरलेला, हात कमरेवर, आणि दवाखान्यातून आलेले. कुणी काही विचारलंच नाही. चौघांनी त्यांना उचललं आणि पलंगावर आणून ठेवलं. जवळजवळ सगळं आयुष्य ज्यांनी इतरांच्या वस्तू उचलण्यात घालवलं त्यांना आपल्याला उचलल्यावर कसं वाटतं हे माहीत नव्हतं. वाईट नव्हतं.

"आते कसं वाटस, जवाईबापू?" धुरपदाबाईंनी कपाळावर हात ठेवला.

"आई, ऑपरेशन झालंच नाही," पाटील म्हणाले.

धुरपदाबाईंनी मागं वळून सगळ्यांना हळूच सांगितलं, "गुंगी उतरनी नही अजून."

"नाही हो आई, खरंच नाही झालं. केळीचा ट्रक उलटला म्हणून..."

"केळीचा ट्रक!" एक मेहुणा गहिवरून म्हणाला. "बघा, आपण वाटेत पाहिलेला ट्रक ह्यांना भुलीत दिसला."

पाटलांनी केळ्यांच्या फण्यांकडं बोट दाखवलं. "ह्याच केळ्यांमुळं ऑपरेशन थांबलं!" हे ऐकून एका मेहुणीनं डोळ्यांना पदर लावला. धुरपदाबाईंनी केळं सोललं आणि त्यांच्या तोंडात घातलं. सत्य तिथंच थांबलं.

पाटलांनी स्वयंपाकघरातून डोकावणाऱ्या पुष्पाबाईंकडं मदतीसाठी पाहिलं. सगळे ओट्यावर गेल्यावर त्या आत आल्या.

"अगं, सांग ना त्यांना."

"काय सांगू? अकरा माणसं कापसाची वेचणी टाकून आलीत. त्यांना सांगू, काही झालंच नाही, वरण-बट्टी खा आणि परत जा?"

"पण खोटं..."

"तुम्ही कुठं खोटं बोललात? दोनदा खरं सांगितलंत. आता गप पडा."

वरण-बट्टी खाऊन दहा माणसं परत गेली. धुरपदाबाई राहिल्या. जावयाची शुश्रूषा करायला त्या पंधरा दिवसांच्या तयारीनं आल्या होत्या.

इथून पाटलांचे खरे हाल सुरू झाले. व्यायाम तर करायचा होता, आणि धुरपदाबाई त्यांना कुशीवर वळू देत नव्हत्या. "पडी राहा, हालू नका," हा त्यांचा एकच मंत्र. पाटील पहाटे त्या उठायच्या आत सतरंजी पसरत. उताणं पडून श्वास घ्यायचा प्रकार सोपा होता, कुणी पाहिलं तरी माणूस झोपलाय असंच वाटे. पण तिसऱ्या दिवशी ते हातागुडघ्यांवर होते, एक हात पुढं, एक पाय मागं, आणि दारात धुरपदाबाई.

"काय पडनं?"

"बटण," पाटील म्हणाले.

"तुम्ही उठा. मी शोधस."

सत्तर वर्षांची बाई अर्धा तास नसलेलं बटण शोधत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बटण पडलं. त्याच्या पुढच्या दिवशीही पडलं. मग धुरपदाबाईंनी एक दुपार खर्चून पाटलांच्या सगळ्या शर्टांची सगळी बटणं दुहेरी दोऱ्यानं इतकी पक्की शिवली, की ती काजात घालायला आता दोन हात लागत.

चालणं तर लपवता येण्यासारखं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी पाटील सरळ उठले, चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. धुरपदाबाई आधी ओरडल्या. मग जावई पडत नाही हे पाहून त्यांचं मत पालटलं. संध्याकाळी त्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "मना जवाई चौथा दिनले चालाले लागना! बठ्ठा गावले सांगसू मी!"

त्यांनी खरोखरच सगळ्या गावाला सांगितलं. आधी गल्लीत, मग भाजीबाजारात, आणि परत गेल्यावर एरंडोल तालुक्यात. पाठीचं ऑपरेशन आणि चौथ्या दिवशी माणूस चालतो, नवव्या दिवशी एकटा एसटीनं जळगावला जातो, ही बातमी ट्रकपेक्षा वेगानं गेली. पाटील शनिवारी जळगावला जात तेव्हा लोकांना वाटे, टाके दाखवायला जातात. धुळ्याच्या डॉक्टरचे टाके जळगावला कसे, असं कुणी विचारलं की पुष्पाबाई म्हणत, "मोठा डॉक्टर आहे, दोन्हीकडं असतो."

आणि ह्या सगळ्यात खरी गोष्ट अशी घडत होती, की पाटलांची कंबर सुधारत होती. एकदम नाही. दुसऱ्या आठवड्यात तर ती इतकी दुखली, की त्यांनी कुंदाबाईंना "तुमचा झाडू तुम्हालाच ठेवा" असं सांगितलं. बाईंनी फक्त प्रकार थोडे कमी केले आणि चालणं वाढवलं. चौथ्या आठवड्यात ते पारोळ्यापर्यंत बसून गेले. पाचव्यात जळगावपर्यंत. दांडा आता पडत नव्हता. पहाटे, कुणी बघायला नसताना, आरशासमोर तो पाठीला लावून झुकताना पाटलांना एक चोरटा आनंद होऊ लागला होता. सहाव्या आठवड्यात बाईंनी अर्धी बादली पाणी उचलायला लावलं. पाटलांनी ती उचलली, खाली ठेवली, आणि त्यांचे डोळे भरून आले. सव्वाशे किलोच्या वेळी भरले नव्हते.

रजा संपली. कामावर रुजू व्हायला दाखला हवा होता, म्हणून पाटील डॉक्टर देवऱ्यांकडं गेले. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर, पायऱ्यांवर, सगळीकडं कमरेला हात लावलेली माणसं. त्यांनी पाटलांना ओळखलं आणि वाट करून दिली. एकानं नमस्कार केला.

डॉक्टरांनी त्यांना तपासलं, पाय उचलून पाहिले, वाकवून पाहिलं. "उत्तम," ते म्हणाले आणि दाखल्यावर लिहिलं, पाठीच्या उपचारासाठी रजेची आवश्यकता होती. मग दार लावून घेतलं.

"पाटील, हे काय चालवलंय तुम्ही? दीड महिन्यात अठरा लोक आले. प्रत्येक जण म्हणतो, पाटलांचं केलं तसं करा. मी सांगतो, मी पाटलांचं ऑपरेशन केलेलंच नाही. ते म्हणतात, मोठी माणसं असंच बोलतात. एक जण तर म्हणाला, मला एखादा टाका जास्त घाला, पण पक्कं करा."

"मी सगळ्यांना खरं सांगत होतो, डॉक्टरसाहेब."

"आता जरा मोठ्यानं सांगा. ह्यातल्या निम्म्यांना ऑपरेशनची गरज नाही, आणि ते दुसरं काही ऐकायला तयार नाहीत. कुणी कुठं घाईनं पाठ कापून घेतली तर?"

हे पाटलांना लागलं. दीड महिना त्यांनी लोकांची बिस्किटं खाल्ली होती आणि लोकांच्या डोळ्यांतलं कौतुक पांघरून घेतलं होतं. बरंही वाटलं होतं. पण कुणाच्या पाठीवर ते उतरणार असेल तर बोलायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी खात्यात त्यांचं स्वागत झालं. वाणी साहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले. ते जरा तिरके चालत होते. सहा महिन्यांपासून त्यांचीही कंबर धरली होती.

"पाटील, बोला! कसं झालं ऑपरेशन?"

पाटील उभे राहिले. सगळ्या टेबलांवरची काम करणारी आणि न करणारी माणसं त्यांच्याकडं बघत होती. व्यासपीठावर उभं राहायची त्यांना सवय होती, पण हात रिकामे ठेवून नाही.

"साहेब, माझं ऑपरेशन झालं नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी मी पळालो. झग्यातून निघालो तो थेट घरी आलो. दीड महिना मी झाडूचा दांडा घेऊन व्यायाम केला. एका मुलीनं शिकवला. शनिवारी मी अर्धी बादली पाणी उचललं. एवढंच उचलतो मी आता."

मग सुनंदाबाई म्हणाल्या, "किती साधा माणूस! स्वतःच्या धीराचं कौतुकसुद्धा करून घेत नाही."

"अहो, साधा वगैरे काही नाही! भटू, तू सांग."

"खरं आहे साहेब," भटू म्हणाला. "ऑपरेशन झालेलं नाही."

"तुम्ही होता का त्या गुरुवारी दवाखान्यात?" साहेबांनी विचारलं.

"नाही. मी इथंच होतो."

"मग?"

पाटलांना दुसरा उपाय दिसेना. त्यांनी शर्टाची बटणं काढायला घेतली. एकेका बटणाला दोन्ही हात लावावे लागले, त्यात बराच वेळ गेला, आणि तोवर सगळं खातं भोवती जमलं. सुनंदाबाईंनी खिडकीकडं तोंड केलं. पाटलांनी शर्ट वर करून पाठ फिरवली आणि ठणकावून सांगितलं, "बघा. कुठं आहे टाका? दाखवा."

वाणी साहेबांनी चष्मा लावला. हळूहळू कण्हत ते वाकले, मणक्यावरून बोट फिरवलं, वरून खाली आणि खालून वर. मग ते सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव पाटलांनी फक्त मोठ्या पुलाच्या उद्‌घाटनाला पाहिला होता.

"कमाल आहे!" साहेब म्हणाले. "खूणसुद्धा नाही!"

"बघू, बघू," करत सगळे पुढं आले. खरोखरच खूण नव्हती. सुनंदाबाईंनीसुद्धा लाज सोडून वळून पाहिलं. "ह्याला म्हणतात हात," कुणीतरी म्हणालं. "मुंबईला तरी असं शिवतात का?"

"पाटील," साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "उद्याच्या उद्या मला त्या डॉक्टरांकडं घेऊन चला."

डॉक्टर देवऱ्यांनी दुसऱ्या दिवशी साहेबांना नीट तपासलं. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. पाटील कोपऱ्यात मान खाली घालून उभे होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "साहेब, तुम्हाला ऑपरेशन नको. व्यायाम करा."

"ते काही नाही," साहेब म्हणाले. "पाटलांचं झालं तेच मला पाहिजे. तसंच्या तसं."

डॉक्टरांनी पाटलांकडं पाहिलं. पाटलांनी दोन्ही हात पसरले. बाहेर बाकांवर वीसेक माणसं कण्हत होती. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, चिठ्ठीचं पुस्तक पुढं ओढलं आणि लिहायला लागले.

"ठीक आहे. पाटलांचं झालं तेच. मात्र ते इथं होत नाही. जळगावला होतं. कुंदा महाजन म्हणून बाई आहेत, त्यांना ही चिठ्ठी द्या. बारा आठवडे चालतं."

"बारा आठवडे?" साहेब जरा घाबरले. "एवढं मोठं? आणि भूल कोण देतं?"

"भूल द्यावी लागत नाही," डॉक्टर चिठ्ठीवर सही करत म्हणाले. "ती पेशंट घरूनच घेऊन येतात."

हे ऐकून साहेबांना फार हायसं वाटलं.